भांग लिहिलेली पानं

या ग्रुपवर मी दोनेक वर्षं आहे, पण लिहितेय पहिल्यांदाच. आजवर इथे येऊन नुसती वाचत होते आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसत होते. कुणाला विहिरीवर बाई दिसली, कुणाच्या मागे पावलं वाजली... मी मनात म्हणायचे, झोप नीट झाली नसेल. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, मला सांगता येणार नाही. पण जे झालं ते माझ्या चुकीतून झालं, आणि ती चूक कुठेतरी मराठीतच लिहून काढायची होती. मराठीतच का, ते कळेलच.

आधी मी कोण ते सांगते. बाबा मूळ अमरावतीचे, विमा कंपनीत होते. बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला, शाळा हिंदी माध्यमाची. मराठी घरातली... बाबांची वऱ्हाडी, आणि आईनं सुट्टीत धरून-बांधून लिहून घेतलेलं शुद्धलेखन. तेव्हा लिहिण्यात 'मतलब' वगैरे घुसलं तर चालवून घ्या. आई आता नाही. मी आणि बाबा इथल्या मानसरोवर भागात राहतो. मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पाण्याचा विषय शिकवते. वर्षातून दोनदा विद्यार्थ्यांना कानोत्याच्या धरणावर नेते आणि पट्टीवर पाण्याची पातळी कशी वाचायची ते दाखवते. प्रत्यक्ष पाण्याशी माझा संबंध एवढाच.

आणि अशा बाईकडे समुद्राचं काम आलं.

कोकणातल्या एका खाडीच्या काठी खाजण आहे. म्हणजे भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला निघून जातं, मध्ये कांदळवन, चिखल आणि त्यातून फिरणाऱ्या लहान-लहान पाणवाटा. त्या खाजणात पाणी कसं फिरतं, त्याच्याबरोबर गाळ किती येतो, कुठे बसतो, आणि पुढच्या वीस वर्षांत खाजण भरून जाईल की टिकेल, याचं कॉम्प्युटर मॉडेल बनवायचं होतं. मॉडेल म्हणजे काही गूढ प्रकार नाही. नकाशाचे चौकटीच्या वहीसारखे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाची खोली द्यायची, समुद्राच्या बाजूनं भरती-ओहोटीचे आकडे द्यायचे, आणि एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात किती पाणी, किती गाळ जातो ते कॉम्प्युटरला मोजत बसू द्यायचं. जयपुरात बसूनही हे होतं. "मैडम, यहाँ नल में पानी नहीं आ रहा और आप समंदर चला रही हो," असं आमच्या लॅबचे राठोडजी रोज एकदा तरी म्हणायचे.

मॉडेल खरं बोलतंय का, हे बघायला तिथलं खरं मोजमाप लागतं. खाजणात एक आपोआप पातळी नोंदवणारं यंत्र बसवलं होतं, ते चिखलानं दोन महिन्यांत बंद पडलं. मग पाहणीचं काम करणाऱ्या कंपनीनं गावातलाच माणूस ठेवला. दत्ताराम त्यांचं नाव. साठीच्या पुढचे. पूर्वी खाडीवर 'तर' चालवायचे, म्हणजे होडीनं माणसं पलीकडे पोचवायचे. पूल झाला आणि तर बंद पडली. आता सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला पट्टीवरचं पाणी वाचायचं आणि वहीत लिहायचं, एवढं काम होतं. वहीच्या पानांचे फोटो कंपनी मला पाठवायची.

मलाच, कारण आमच्यात मराठी वाचणारी मी एकटी. "मराठी है, मैडम देख लेंगी." मला हे फार आवडायचं, कबूल करते. घरात बाबा माझ्या मराठीला हसतात आणि इथे मी तज्ज्ञ! एखादं अक्षर लागलं नाही तरी मी तोऱ्यात वाचून मोकळी व्हायचे.

दत्तारामकाकांचं अक्षर मात्र स्वच्छ होतं. आकडे नेहमी पाच-पाच सेंटिमीटरच्या हिशोबात, कारण पट्टीवर खुणाच तशा होत्या. दुपारी एकचा रकाना रोज रिकामा, तेव्हा ते घरी जेवायला जायचे. आणि दर काही दिवसांनी, तीन-चार पानं सलग, पानाच्या कडेला एकच शब्द लिहिलेला असायचा: भांग.

कोकणातले वाचक इथे कपाळाला हात लावतील. लावा. मला तो शब्द दोनच अर्थांनी माहीत होता, एक केसांचा आणि एक होळीचा. केसांचा तर इथे काही संबंध नव्हता.

त्यात त्या पानांवरचे आकडेही विचित्र होते. भांग लिहिलेल्या दिवशी सकाळपासून एकशे चाळीस, एकशे चाळीस, एकशे चाळीस... भरती-ओहोटीच्या जागी पाणी दिवसभर हललंच नाही? माझं मॉडेल सांगत होतं की त्या दिवशीही ते हातभर तरी वर-खाली व्हायला हवं. मी ठरवून टाकलं की म्हातारबुवा झाडाखाली पडून आहेत आणि डोळा उघडला की मागचाच आकडा खाली उतरवतायत. वर प्रामाणिकपणे कारणही लिहितायत! लॅबमध्ये आम्ही पोट धरून हसलो. गंमत म्हणजे होळीच्या पानावर 'भांग' नव्हतं आणि पाणीही व्यवस्थित चढलं-उतरलं होतं. "होलीवाले दिन ही होश में थे!" हे मी म्हणाले. मीच. तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

मी ती सगळी पानं मॉडेलमधून वगळली आणि कंपनीला मेल पाठवला. 'तुमचा माणूस कामाच्या वेळी भांग घेतो, तसं त्यानं स्वतःच वहीत लिहिलं आहे, त्याच्या आकड्यांवर विसंबता येणार नाही.' आठ दिवसांत उत्तर आलं, माणूस बदलला आहे. तेव्हा मार्च संपत होता. नव्या माणसाचे आकडे मॉडेलशी सुरेख जुळायला लागले. तो घरी बसून भरतीच्या छापील तक्त्यावरून वही भरायचा, हे फार नंतर कळलं. मी खूश होते. दत्ताराम हे नाव मी विसरूनसुद्धा गेले.

पुढच्या वर्षीच्या मेमध्ये अहवाल द्यायचा होता. दुपारचे तीन वाजले असतील. लॅब दुसऱ्या मजल्यावर, बाहेर लूचे गरम वारे सुटलेले, खिडक्या बंद. काकांच्या वह्या सुरू झाल्या त्या डिसेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत असं पूर्ण वर्ष मी मॉडेल चालवून बघितलं आणि जिथे ती पट्टी होती त्या चौकोनाची फाइल उघडली. तारीख, तास, पाण्याची मीटरमधली पातळी... अशा हजारो ओळी असतात. कॉम्प्युटर आकडा देतो तो दशांशचिन्हापुढे सात-आठ आकडे असलेला. १.४२७३८१६, असा. तसाच होता. खाली जाता जाता मध्येच आकडे बदलले. १.४, १.४, १.४, १.४, १.३५, १.४... पुढे नुसती शून्यं.

आधी वाटलं, फाइल बिघडली. पुन्हा चालवलं. तेच. मग राठोडजींना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"मैडम, ये तो किसी ने हाथ से भरा है."

"भरा नहीं है भैया, अभी मेरे सामने निकला है."

त्यांनी माझा सगळा मालमसाला उचलून आपल्या मशीनवर चालवला. तिथे सगळे आकडे लांबलचक, नेहमीसारखे. माझ्या मशीनवर तिसऱ्यांदा चालवलं, पुन्हा ते तीन-चार दिवस तसेच, पंधरवड्यानं पुन्हा तसेच, दर पंधरवड्याला. फक्त सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. रात्रीचे आकडे लांबलचक. आणि मग माझ्या लक्षात आलं, त्या दिवसांत दुपारी एकची ओळच नव्हती. बारा, मग एकदम दोन. मॉडेल जेवायला जात नाही हो.

मी जुने फोटो उघडले. वगळलेली पानं एकेक करून फाइलशेजारी ठेवली. तासातासाला जुळत होती. ही पानं मी कधीच टाइप केली नव्हती, वगळायचीच म्हटल्यावर कोण टाइप करतंय? ती फक्त माझ्या फोनमध्ये फोटो म्हणून होती. आणि खाजणाची जी खोली मी मॉडेलला दिली होती, तीत पाणी असं अडून बसणं शक्यच नव्हतं.

राठोडजी माझ्याकडे बघत होते. "वो भाँगवाले बाबा?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या दिवशी समंदरवाला विनोद त्यांनी केला नाही.

घरी आले तेव्हा बाबा कूलरसमोर पेपर वाचत बसले होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "काऊन वं, काय झालं?"

"बाबा, भांग म्हणजे काय?"

"केसाचा पाडतेत तो. नाहीतर घोटतेत ते."

"अजून काही?"

"मले काय माहीत? अमरावतीत दुसरी भांग नाही ऐकली मी. शब्दकोश पाह्य ना, तुह्या आईनं काहाले आणला होता?"

आईचा शब्दकोश कपाटावर होता. धूळ पुसून काढला. भांग: एक, केसांतली रेघ. दोन, मादक वनस्पती. तीन... अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर कमी असतो ते दिवस.

हा प्रकार मी दरवर्षी शिकवते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढतं-उतरतं, अर्ध्या चंद्राच्या सुमारास सर्वांत कमी. इंग्रजी नाव फळ्यावर लिहिते, हिंदी नाव सांगते. मराठी नाव मला माहीत नव्हतं, आणि मराठी येतं म्हणून तर वह्या माझ्याकडे आल्या होत्या. होळीला पौर्णिमा असते. होळीच्या पानावर भांग नसणारच. तो माणूस तारखेगणिक मला सांगत होता की हे कमजोर भरतीचे दिवस आहेत, पाणी आत पोचत नाहीये. आणि मी त्याला नशेबाज ठरवून घरी बसवलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "फोन कर त्याले. उद्याच्या उद्या."

पण एक गोष्ट मी बाबांना सांगितली नव्हती. काकांना काढलं मार्चअखेर. फाइलमध्ये मात्र एप्रिलच्या अष्टमीला ते आकडे होते, मेमध्येही होते, जूनच्या सुरुवातीला होते, आणि मग एकाएकी बंद. जूनमधल्या त्या शेवटच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत नीटस आकडे आणि बारापासून पुन्हा लांबलचक. त्या महिन्यांची काकांची कुठलीच वही माझ्याकडे नव्हती. मतलब, असायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून नंबर मिळवला. फोन एका बाईंनी उचलला.

"कोन बोलतंय?"

"काकू, मी जयपूरहून बोलतेय. ते खाजणातल्या पाण्याचं काम होतं ना... काकांच्या वह्या माझ्याकडे यायच्या."

"म्हंजे त्या राजस्थानच्या मॅडम?"

"हो. काका आहेत का?"

"ते गेले की ओ. आता ज्येष्ठात वरीस होईल."

काकूच बोलत राहिल्या, न रागावता, आणि ते जास्त लागत होतं. काकांनी जन्मात तंबाखूलासुद्धा हात लावला नव्हता. तर चालवायचे तेव्हा बायका आपली तान्ही मुलं आधी त्यांच्या हातात द्यायच्या आणि मग होडीत पाय ठेवायच्या. काम गेलं त्याचं काही नाही, पण कंपनीच्या माणसानं कारण गावात चारचौघांत सांगितलं. ज्यांना भांग म्हणजे काय ते ठाऊक होतं, तेही मजा म्हणून विचारायचे, "काय दत्ताराम, आज भांग चढली का?"

"मग ते पुन्हा पट्टीकडे गेले नसतील," मी विचारलं. का विचारलं ते मला माहीत होतं.

"जायचे तर. भांगाचे दिवस आले की सकाळी सहाला घरातून भाईर. मी म्हनायची, आता कशाला? तर म्हनायचे, खाजनाच्या तोंडाशी गाळ चढलाय, भांगाचं पानी आत येत न्हाय, हे कुनी लिवून ठेवायला नको? तो नवा पोरगा फिरकत पन न्हाय. नातीच्या शाळेच्या वहीत लिवलंय सगळं."

"ती वही आहे?"

"हाय की. त्यांच्या ट्रंकेत. कुनाच्या कामाची?"

संध्याकाळी नातीनं पानांचे फोटो पाठवले. एप्रिल, मे, जून. मी राठोडजींना शेजारी बसवलं. ते फोटोवरून आकडा मोठ्यानं वाचत होते आणि मी फाइलवर बोट ठेवत होते. एकही चुकला नाही. एकचा रकाना तिथेही रिकामा. शेवटच्या पानावर सहा ते अकरा असे सहाच आकडे होते, खाली काही नाही. काकूंना मी नंतर विचारलं. त्या दिवशी काका पट्टीवरून अंगात ताप घेऊन लवकर घरी आले आणि मग अंथरुणातून उठले नाहीत.

माझ्यामुळे गेले असं काकू म्हणाल्या नाहीत. मी म्हणते कधी कधी. तापाला मी काय करणार होते, असंही म्हणते. दोन्ही खरं वाटतं.

त्यानंतर मी जे करायचं ते केलं. अहवाल थांबवला. खाजणाच्या तोंडाशी पुन्हा खोली मोजायला लावली, तिथे खरंच गाळाचा उंबरठा तयार झाला होता, भांगाची भरती तो ओलांडून आत येत नव्हती. काकांचे सगळे दिवस, भांगाचे धरून, मॉडेलमध्ये घातले आणि सगळं चित्रच पालटलं. खाजण आमच्या आधीच्या अंदाजापेक्षा खूप लवकर भरत चाललं होतं. अहवालात त्यांचं नाव लिहिलं. कंपनीला लांबलचक मेल पाठवला की तो माणूस निर्दोष होता, चूक माझी होती. 'नोंद घेतली,' एवढंच उत्तर आलं. मराठीत एक पत्र लिहून काकूंना पाठवलं, गावात कुणालाही दाखवा म्हणून. त्यांनी ते ग्रामपंचायतीत वाचून घेतलं असं नात म्हणाली.

राहता राहिली ती फाइल. कुणी खोडी केली म्हणावं, तर ती वही दीड हजार किलोमीटरवर एका ट्रंकेत होती. मशीनचा दोष म्हणावा, तर दोष एवढा वेळेवर जेवायला जात नाही. मी मशीन तपासून घेतलं, आणखी दोघांना ती फाइल दाखवली. ते म्हणाले, तुम्हीच कधीतरी टाइप केलं असेल आणि विसरला असाल. पण एप्रिल ते जूनचं मी कसं टाइप करेन? त्यानंतर ते मॉडेल मी कितीदा तरी चालवलंय, तसे आकडे पुन्हा कधी आले नाहीत. कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन.

एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मीच मागे ठेवलं होतं. त्या पहिल्या फोनच्या शेवटी मी काकूंना म्हटलं, "काकू, मी फार चुकले. मला माफ करा."

"त्यांना राग न्हवता ओ तुमचा," त्या म्हणाल्या. "म्हनायचे, तिकडं दर्या न्हाय, बाईंना भांग ठावं नसंल. फोन करतील, मग सांगेन. लई दिवस फोन जवळ घेऊन बसायचे." मग म्हणाल्या, "नंबर कुटून गावला तुमाला?"

"कंपनीतून घेतला."

"कंपनीतून कशाला? वहीवर होता की."

फोन ठेवल्यावर मी अगदी पहिल्या वहीचा पहिला फोटो उघडला. तो मी तेव्हा उघडून पुढे सरकवला होता, कारण त्यावर पातळीचे आकडे नव्हते. त्यावर त्यांचं नाव होतं, गाव होतं, मोबाइल नंबर होता. आणि खाली त्याच स्वच्छ अक्षरात: 'लिहिलेले काही न कळल्यास फोन करावा. मी दिवसभर पट्टीपाशीच आहे.'